पहाटे तीनचं स्टेशन: संशोधन जहाजावर जायची तयारी

संशोधन जहाजावर पहिल्यांदा निघालेली मुलं मला एकच गोष्ट विचारतात, "मॅडम, उलट्या होतील का?" होतील. पहिले दोन दिवस बऱ्याच जणांना होतात, मला अजूनही होतात. पण त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. पोटात काही ठरत नाही, जेमतेम तीन तास झोप झालीय, आणि पहाटे तीन वाजता दोन हजार मीटर खोलीवरचं पाणी डेकवर आलं, तर ते तुम्हाला न चुकता बाटलीत भरता येईल का?

मोहिमेची सगळी तयारी त्या पहाटे तीनच्या माणसासाठी करायची असते. जमिनीवर बसून यादी करताना आपण ताजेतवाने असतो, हुशार असतो, "हे काय, लक्षात राहील की" असं म्हणत असतो. तिथे जो उभा राहणार आहे त्याला बाटली ६ आणि बाटली ९ यांतला फरक कळेलच असं नाही. त्याच्या डोक्यावर काही सोडू नका.

मी रसायनवाली. पाण्यातला ऑक्सिजन, पोषकद्रव्यं हा माझा प्रांत. त्यामुळे पुढचं सगळं गोव्याच्या मुरगाव बंदरातून अरबी समुद्रात निघणाऱ्या मोहिमेला धरून लिहिते आहे. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ ला सुरू झाली, ती १९६० ते १९६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर. १९७६ साली 'गवेषणी' हे संशोधन जहाज आलं, १९८३ ला जर्मनीत बांधलेली 'सागर कन्या', आणि २०१४ पासून संस्थेची स्वतःची 'सिंधु साधना' आहे. कोचीहून 'सागर संपदा' निघते, चेन्नईहून 'सागर निधी'. तुमचं नाव कुठल्या जहाजावर लागतं त्यावर सामान ठरतं, म्हणून जहाजाचं नाव कळलं की पहिलं काम म्हणजे त्यावर जाऊन आलेल्या कुणाला तरी गाठून विचारायचं: प्रयोगशाळेत टेबलं किती, सिंक किती, उणे ८० चा फ्रीझर चालू आहे का, शुद्ध पाण्याचं मशीन खरोखर चालतं का. माहितीपत्रकात सगळंच चालू असतं.

आधी तासांचा हिशेब

जहाजावर खरी टंचाई वेळेची असते. नवखा माणूस नकाशावर हौसेने तीस ठिपके काढतो. त्या प्रत्येक ठिपक्याला आम्ही स्टेशन म्हणतो, आणि प्रत्येक स्टेशन जहाजाचे तास खातं.

एक उदाहरण करूनच बघू. १५ अंश उत्तर अक्षांशावर ७३ ते ६५ अंश पूर्व रेखांशापर्यंत रेघ ओढली, दर अंशाला एक स्टेशन धरलं, तर नऊ स्टेशनं होतात. या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश साधारण ५८ सागरी मैलांचा (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर). आठ अंश म्हणजे ४६४ मैल. जहाज ताशी दहा मैलांनी, म्हणजे दहा नॉट्सने चाललं, तर नुसत्या प्रवासाला ४६ तास लागतात. मुरगावहून पहिल्या स्टेशनला पोचायला पाच तास, शेवटच्या स्टेशनवरून परत यायला ५१.

आता स्टेशनवरचा वेळ. तारेच्या टोकाला लटकणारी सीटीडी, म्हणजे क्षारता, तापमान आणि खोली मोजणारं यंत्र, खाली सोडायचा वेग पहिल्या शंभर मीटरपर्यंत कमी, पुढे मिनिटाला ६० मीटर धरा. दोन हजार मीटरला जायला ३३ मिनिटं, यायला ३३. पृष्ठभागाजवळ सेन्सर स्थिर होऊ द्यायचे, वर येताना प्रत्येक खोलीला थांबून बाटली बंद करायची, म्हणजे सगळं मिळून दीड तास. तळापर्यंत, साडेतीन हजार मीटर जायचं असेल तर अडीच. त्यात प्लवकांची जाळी, चिखलाचा नमुना, जहाज थांबवून वाऱ्याला तोंड करून स्थिर करणं, हे सगळं धरून स्टेशनला सरासरी पाच तास. नऊ स्टेशनांचे ४५. एकूण १४७ तास, म्हणजे सहा दिवसांच्या थोडं वर. त्यावर हवामान आणि बिघाडासाठी एक दिवस टाका. एक साधी सरळ रेघ सात दिवस घेते.

हा हिशेब मोहिमेआधी कागदावर करा, आणि त्याच कागदावर स्टेशनांना क्रम लावा: ही झालीच पाहिजेत, ही झाली तर बरं, ही सोडली तरी चालतील. चौथ्या दिवशी विंच (तार सोडणारं-ओढणारं यंत्र) बिघडते आणि चीफ सायंटिस्ट विचारतात, "तुझ्यातली कुठली दोन गाळू?" तेव्हा उत्तर तयार असलेल्याची स्टेशनं वाचतात.

पाण्याचाही असाच हिशेब असतो. रोझेट म्हणजे सीटीडीभोवती बसवलेलं बाटल्यांचं कडं. त्यातली एक निस्किन बाटली, म्हणजे हव्या त्या खोलीला बंद होऊन तिथलं पाणी आणणारी, बहुधा दहा लिटरची. ऑक्सिजनवाल्याला ओसंडू देण्यासकट अर्धा लिटर, पोषकद्रव्यांना पाव लिटर, क्षारतेला विसळण्यासकट पाऊण, क्लोरोफिलला दोन, रंगद्रव्यांचा सविस्तर अभ्यास करणाऱ्याला चार. साडेसात लिटर झाले. मग सूक्ष्मजीववाले येऊन पाच लिटर मागतात. हे भांडण बंदर सोडण्याआधी बैठकीत भांडून घ्यावं. रोझेटपाशी भांडलं की पाणी सांडतं.

ऋतू

आमच्या मालवणात नारळी पौर्णिमेआधी दर्यात कुणी जात नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदीच असते. आणि संशोधकाला नेमकं त्याच सुमारास जायचं असतं, कारण गंमत तेव्हाच घडते. पावसाळी वाऱ्यांमुळे खालचं थंड, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी किनाऱ्यालगत वर सरकतं. गोव्यात कांदोळीसमोर, अगदी उथळ पाण्यात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाशी ऑक्सिजन संपतो आणि वर काढलेल्या पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो.

तेव्हा प्रश्न कुठला आणि ऋतू कुठला याची सांगड आधी घाला. उत्तर अरबी समुद्रातला हिरवा नॉक्टिल्युका (एक सूक्ष्म प्लवक) बघायचा असेल तर फेब्रुवारी-मार्च. मार्च ते मे समुद्र शांत, काचेसारखा. तेव्हा पाण्यावर लाकडाच्या भुशासारखी ट्रायकोडेस्मियम या सूक्ष्मजीवाची तांबूस साय दिसते. जून ते ऑगस्टमध्ये काम अर्ध्या वेगाने होईल असं धरूनच चाला. हैदराबादच्या 'इन्कॉइस' या समुद्राची माहिती देणाऱ्या राष्ट्रीय केंद्राचे लाटांचे अंदाज निघायच्या आधीच्या आठवड्यापासून रोज बघायची सवय लावा. कॅप्टन जे बोलतात ते त्यामुळे कळायला लागतं.

कागदपत्रं

कंटाळवाणं आहे, म्हणून थोडक्यात. जहाजाच्या वेळेसाठी अर्ज खूप आधी, वर्षभर आधी धरा. दुसऱ्या देशाच्या २०० सागरी मैलांच्या आर्थिक क्षेत्रात काम करायचं तर समुद्री कायद्याच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार किमान सहा महिने आधी त्या देशाला सगळी माहिती द्यावी लागते, आणि ती मंत्रालयांमार्फत जाते. ओळखपत्र, पासपोर्ट, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि बंदरात शिरायचा पास यांच्या प्रत्येकी तीन प्रती एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पासवरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक असेल तर तो गेटवर सापडतो, आधी कधीच नाही.

दाताच्या डॉक्टरांकडे मात्र जाऊन या. समुद्रात दाढ दुखायला लागणं हे मी जवळून पाहिलंय. बंदर दोन दिवसांवर होतं.

ट्रंक

सामानासाठी मी अजून पत्र्याची ट्रंक वापरते. जड आहे, पण वर माणूस उभा राहिला तरी वाकत नाही, आणि कड्यांतून दोरी घालून बांधता येते. त्यात काय भरायचं ते ठरवायची माझी रीत अशी: घरच्या प्रयोगशाळेत एका दुपारी अख्खं स्टेशन खेळायचं. बादलीभर नळाचं पाणी घ्या, निस्किन समजा, आणि पहिल्या नमुन्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत सगळं करा. हात ज्या ज्या वस्तूला लागेल ती लगेच यादीत. यादी डोक्यातून काढली की मोठी यंत्रं आठवतात आणि कात्री राहते. खरंच सांगते, कात्री राहते.

मग प्रत्येक ओळीपुढे स्वतःला विचारा: हे फुटलं, हरवलं, समुद्रात पडलं तर मोहीम थांबेल का? थांबणार असेल तर दोन घ्या, आणि ती दोन वेगवेगळ्या पेट्यांत ठेवा. डिस्पेन्सरची टोकं, व्हॅक्यूम पंपाचा डायफ्रॅम, सिलिकॉनच्या नळ्या, ओ-रिंगा, फ्यूज. पाच-दहा रुपयांच्या वस्तू, पण बंदरापासून तीनशे मैलांवर त्यांची किंमत वेगळी असते. हार्डवेअरच्या दुकानातून झिप टाय, डक्ट टेप, नायलॉनची दोरी, रबरी हूकवाल्या दोऱ्या, आणि टेबलावर अंथरायला घसरू न देणारी रबरी जाळी घ्या. जुनी योगा मॅटही कापून चालते.

रसायनं वेगळ्या पेटीत, प्रत्येकाची सुरक्षा माहिती छापून सोबत. आम्ल आणि अल्कली शेजारी नकोत. जेवढी रसायनं जातात तेवढे रिकामे कॅनही जाऊ द्या, कारण वापरलेलं सगळं परत आणायचं आहे. समुद्रात ओतायचं नाही. प्लास्टिकचा तर कपटाही टाकता येत नाही, तो आंतरराष्ट्रीय नियम आहे.

बाटल्या निघण्याआधी दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवून, शुद्ध पाण्याने धुऊन, झाकण लावून न्याव्यात. साबण नको. धुण्याच्या पावडरीत फॉस्फेट असू शकतं, आणि आपण फॉस्फेटच मोजायला निघालेलो असतो.

नावं, आकडे, पेन्सिल

माझ्या दुसऱ्या मोहिमेतली गोष्ट. ऑक्सिजनच्या काचेच्या बाटल्यांचं प्रत्येकीचं नेमकं आकारमान आधी पाणी भरून, वजन करून काढलेलं असतं, आणि ते बाटली व तिचं बूच या जोडीचं असतं. दुसरं बूच लावलं की आकारमान बदललं. मी बाटल्यांवर आणि बुचांवर मार्करने आकडे घातले होते. पर्मनंट मार्कर. तिसऱ्या रात्री क्लोरोफिलचं ॲसिटोन सांडलं, ज्या फडक्याने ते टिपलं त्याच फडक्याने मी बुचं पुसून ट्रेमध्ये ठेवली. सकाळी अठ्ठेचाळीस बुचं, एकसारखी, स्वच्छ, आकडा एकीवरही नाही. गोव्याला परत येऊन ती सगळी पुन्हा तोलायला मला दोन आठवडे लागले, आणि त्या तिसऱ्या रात्रीची स्टेशनं शेवटी सोडूनच द्यावी लागली.

तेव्हापासून काचेवर आकडा कोरलेलाच हवा, बाटलीवर आणि बुचावरही. प्लास्टिकवर मार्कर चालेल, पण त्यावरून पारदर्शक टेप. फॉर्मलिनच्या बरणीत चिठ्ठी आतच टाकायची, जाडसर ट्रेसिंग पेपरवर साध्या पेन्सिलने लिहिलेली. पेन्सिल पाण्यात, मिठात, फॉर्मलिनमध्ये टिकते. इंकजेटचा छापील कागद दोन तासांत निळा ओघळ होतो.

लेबलं जमिनीवरच लिहून, स्टेशनवार पाकिटांत भरून न्या. स्टेशन ५ चं पाकीट उघडलं की त्यातून बारा वेगवेगळ्या खोलीवरच्या नमुन्यांची लेबलं क्रमाने निघाली पाहिजेत. पहाटे तीनच्या माणसाने फक्त चिकटवायचं. नोंदीचा तक्ताही छापून न्या, रकाने मोठे ठेवा. हलत्या डेकवर अक्षर मोठं येतं.

दोन सापळे आत्ताच सांगून ठेवते. वेळ लिहायची ती जागतिक वेळ, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. तुमच्या घड्याळात १२ तारखेच्या पहाटेचे तीन वाजलेत, तेव्हा नोंदीत ११ तारखेचे २१:३० जातात. तारीख बदलते, आणि ती चुकते ती नेमकी याच वेळी. जुनं मनगटी घड्याळ त्या वेळेला लावून रोझेटपाशी टांगून ठेवा, वजाबाकी करायलाच नको. दुसरा सापळा अक्षांशाचा: १५ अंश ३० मिनिटं म्हणजे १५.५, १५.३० नव्हे. ही एक चूक तुमचं स्टेशन १२ सागरी मैल सरकवते.

अंग आणि पोट

आता उलट्या. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, डोळे समोरच्या भिंतीकडे बघून सांगतात की काही हलत नाही, आणि मेंदू वैतागतो. म्हणून डोळ्यांना क्षितिज दाखवलं की बरं वाटतं. खाली, जहाजाच्या मध्याजवळ हेलकावे कमी लागतात. वरच्या मजल्यावरची खिडकीवाली केबिन मिळाली म्हणून खूश होऊ नका.

ॲव्होमिन, स्टेमेटिलसारख्या गोळ्यांबद्दल आपल्या डॉक्टरांशी निघण्याआधी बोला, विशेषतः दुसरं काही औषध चालू असेल तर. गोळी बंदर सोडण्याआधी घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात ठरतच नाही. झोप येते, म्हणून घरी एकदा सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा, किती येते ते कळेल. रिकामं पोट सगळ्यात वाईट. कोरडी बिस्किटं, कुरमुरे, खारे दाणे खिशात ठेवा, घोट घोट पाणी प्या. आल्याचा तुकडा आणि आवळा सुपारी माझ्या बॅगेत कायम असते, औषध म्हणून नाही, तोंडाला चव राहावी म्हणून. आणि उलटी झाली की लाजू नका. फक्त वाऱ्याची दिशा बघा.

कपडे कमी, पण नेमके. पुढे लोखंडी टोपी असलेले सेफ्टी बूट आपल्या मापाचे न्या, जहाजावरचे नेहमी दोन नंबर मोठे निघतात. हेल्मेट, कामाचा पूर्ण अंगाचा बॉयलर सूट. डेकवर ऊन भाजून काढतं आणि आत प्रयोगशाळेत एसीने हुडहुडी भरते, म्हणून मे महिन्यातही स्वेटर. डोक्याला बांधायची बॅटरी, चष्म्याची दुसरी जोडी, नेहमीची औषधं ठरल्यापेक्षा दुप्पट दिवसांची. मोहीम लांबू शकते. मुलींनी सॅनिटरी पॅडही त्याच हिशेबाने न्यावेत, आणि जहाजाच्या संडासात त्यातलं काहीही टाकू नये. ती यंत्रणा तुंबली की अख्ख्या मजल्याला कळतं.

घरच्यांना सांगून ठेवा की फोन लागणार नाही. किनारा मागे पडला की काही तासांत मोबाइलचं नेटवर्क जातं, उपग्रहाचं इंटरनेट सगळ्यांत वाटून मिळतं आणि ढगाळलं की तेही जातं. माझी आई अजून दर वेळी विचारते, "मग तू पोचलीस की फोन कर." कुठे पोचले की, आई?

बंदरातले दोन दिवस

निघायच्या आधीचे एक-दोन दिवस सामान चढवण्यात जातात. तेव्हाच यंत्रं लावून, चालवून बघा. बंदरात बिघाड कळला तर वास्कोच्या बाजारात माणूस पाठवता येतो.

जे उभं राहू शकतं ते पडू शकतं, असं धरून सगळं बांधा. टेबलाच्या कडेला लाकडी पट्ट्या असतात, त्यांना हूक लावून दोऱ्या आडव्या-उभ्या घ्या. फ्रीजचं दारसुद्धा बांधायचं. पहिल्या मोहिमेत मी डायल्यूशनच्या बाटल्या नीट ओळीने मांडून ठेवल्या होत्या आणि एक हात त्यांच्यावर ठेवून उभी होते. सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, दारातून जाता जाता थांबला, बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, हात से नहीं. रस्सी से." मग त्यानेच सुटायला सोपी आणि ताणली की घट्ट बसणारी गाठ दाखवली. ती गाठ निघण्याआधी घरी, खुर्चीच्या पायाला बांधून शिका. आणि सारंग, विंचवाले, स्वयंपाकघरातला भंडारी यांची नावं पहिल्या दिवशी विचारून घ्या. तुमचं यंत्र पाण्यातून परत येतं ते त्यांच्या हातांनी.

पहिल्याच दिवशी सुरक्षेची कवायत होते. सात आखूड भोंगे आणि एक लांब: लाइफ जॅकेट घेऊन ठरलेल्या जागी. केबिनपासून त्या जागेपर्यंतचा रस्ता एकदा दिवे बंद करून, भिंतीला हात लावत चालून बघा. पायऱ्या मोजा. विंच चालू असताना ताणलेल्या तारेच्या रेषेत कधी उभं राहायचं नाही, आणि रात्री एकट्याने डेकवर जायचं नाही, कुणाला सांगितल्याशिवाय तर नाहीच.

पाळ्या सहसा चार तास काम, आठ तास सुट्टी अशा. कागदावर. बारा ते चारची पाळी मिळाली तर झोप दोन तुकड्यांत घ्यायची सवय आधीच्या आठवड्यात घरीच लावा.

रोझेट वर आलं

आता ते पहाटे तीन. खोल पाण्यातून रोझेट वर येतं, डेकवर टेकतं, त्यातून थंड पाणी निथळत असतं. बाहेर हवा दमट, उकडतंय, आणि बाटल्यांना हात लावला तर बोटं गारठतात.

पहिलं काम गळती बघणं. बाटलीच्या वरची हवेची चकती बंदच ठेवून खालची तोटी दाबा. पाणी वाहिलं तर वरून कुठून तरी हवा शिरते आहे, बाटली गळकी, तसं लिहा. नाही वाहिलं तर ठीक, मग वरची चकती सैल करा. या क्षणापासून आतल्या पाण्यावर हवा येते, म्हणून वायूवाले पहिले. ऑक्सिजन, मग कार्बन, मग पोषकद्रव्यं, क्षारता, आणि शेवटी क्लोरोफिल व इतर. बाटल्या क्रमानेच घ्यायच्या, कुणीही मध्ये घुसायचं नाही. एकजण नुसता तक्ता धरून उभा असावा आणि मोठ्याने बोलावा, "निस्किन सात, ऑक्सिजन बाटली सत्तावीस." भरणाऱ्याने आकडा परत म्हणायचा. बावळटपणा वाटतो. करा.

तोटीला नळी लावा, नळी चिमटून, झटकून आतले बुडबुडे घालवा. नळीचं टोक बाटलीच्या तळाला टेकवून पाणी हळू सोडा, बाटली भरली तरी थांबू नका, तिच्या दोन-तीन पट पाणी ओसंडू द्या. पाण्याचं तापमान टिपा. नळी सावकाश वर काढा, तोटी चालू ठेवूनच. मग मँगनीज क्लोराइड, मग अल्कली आयोडाइड, दोन्ही डिस्पेन्सरच्या टोकाने पृष्ठभागाखाली. बूच तिरकं आत सरकवा, बुडबुडा अडकता कामा नये. अडकला तर ती बाटली ओता, पुन्हा भरा; "चालेल" म्हणायचं नाही. मग बूच दाबून धरून बाटली उलटी-सुलटी जोरात हलवा, अर्ध्या तासाने पुन्हा एकदा. बुचाभोवती पाणी ठेवा आणि अंधारात ठेवून द्या.

ही विंक्लरची पद्धत, १८८८ ची, आणि अजून इलेक्ट्रॉनिक सेन्सर हिच्यावरच तपासले जातात. अरबी समुद्रात ती बघताना मला दर वेळी गंमत वाटते. वरच्या पन्नास मीटरचं पाणी औषध पडताच तपकिरी होतं, काळ्या चहासारखं, कारण त्यात ऑक्सिजन भरपूर. खाली खाली जावं तसा रंग फिका होत जातो. दीडशे मीटरच्या खाली, जवळजवळ हजार मीटरपर्यंत, बाटलीत जो साका बसतो तो पांढरा असतो, ताकातल्या चोथ्यासारखा. तिथे ऑक्सिजन जवळपास नाहीच. आणि आणखी खाली, दोन हजारला, पुन्हा तपकिरी. बारा बाटल्या क्रमाने लाकडी पेटीत लावल्या की आकडा काढायच्या आधी समुद्राचा उभा छेद समोर दिसतो. एखादी बाटली मध्येच वेगळ्या रंगाची दिसली तर ओळखा की निस्किन चुकीच्या खोलीला बंद झाली, किंवा तुम्ही बाटल्यांचा क्रम चुकवला. ही तपासणी झोपेतसुद्धा जमते.

क्लोरोफिलचं पाणी मंद उजेडात गाळायचं, जीएफ/एफ या काचतंतूंच्या बारीक फिल्टरवर, मग फिल्टर दुमडून फॉइलमध्ये आणि थेट द्रव नायट्रोजनमध्ये किंवा उणे ८० ला. पोषकद्रव्यांच्या बाटलीच्या तोंडाला बोट लावू नका, आणि पूर्ण काठोकाठ भरू नका, गोठताना फुटते. फ्रीझरच्या प्लगवर "काढू नये" ची चिठ्ठी मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत चिकटवा. कुणीतरी फोन चार्ज करायला तो काढतंच.

रात्रीचं एक सुख. नॉक्टिल्युका असेल तर जहाजाचा दिवा मालवल्यावर तार पाण्यात शिरते तिथे निळसर ठिणग्या उठतात. पाच मिनिटं बघा, मग आत या, लॉग लिहायचा राहिलाय. आणि कुणी थर्मोकोलचा कप स्केचपेनने रंगवून जाळीच्या पिशवीत सीटीडीला बांधत असेल तर तुम्हीही एक बांधा: दोन हजार मीटरवर साधारण दोनशे वातावरणांचा दाब असतो, कप बोटाएवढा होऊन येतो. पिशवी मात्र घट्ट बांधा.

परतताना

रोज पाळी संपली की आकडे तीन ठिकाणी: लॅपटॉप, वेगळी हार्ड डिस्क, आणि दुसऱ्या माणसाच्या केबिनमध्ये तिसरी. हाती लिहिलेल्या पानाचा रोज फोटो काढा. मोहिमेचा अहवाल जहाजावरच लिहून संपवा; घरी पाऊल टाकलं की तो सहा महिने होत नाही, हे अनुभवाचे बोल.

गोठवलेले नमुने उतरवायची गाडी, थर्माकोलच्या पेट्या, कोरडा बर्फ यांची सोय बंदराला लागायच्या तीन दिवस आधी पक्की करा. जहाज रविवारी लागणार असेल तर शुक्रवारीच. एका मोहिमेत वीस दिवस उणे ८० ला जपलेले नमुने धक्क्यावर गाडीची वाट बघत दोन तास उन्हात राहिले होते. गाडी कुणी सांगायची हे कुणी ठरवलंच नव्हतं. नाव लिहून ठेवा: गाडी, अमुक तमुक.

उतरल्यावर एक-दोन दिवस जमीन हलते. गाडी चालवू नका.

आणि ट्रंक रिकामी करायच्या आधी, अजून हाताला फॉर्मलिनचा वास असताना, काय कमी पडलं ते लिहा. माझ्या ट्रंकेच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला आहे, चौदा वर्षांचा, सगळ्या ओळी पेन्सिलीच्या. खालच्या तीन ओळी गेल्या खेपेच्या: बुचं सहा जादा. दुसरी कात्री, लाल मुठीची. भंडाऱ्यासाठी मालवणी मसाला अर्धा किलो, त्याने मागितलाय.